पाळणे: महासाथीतील माणसांच्या वागण्याच्या अभ्यासाची प्रस्तावना

मराठीत आपण गुरे पाळतो, पथ्य पाळतो, सुतक पाळतो, दिलेला शब्द पाळतो आणि नियमही पाळतो. इतक्या वेगवेगळ्या गोष्टींना एकच क्रियापद कसे पुरते, याचा विचार करू लागलो की या विषयाचे दार उघडते. गाय पाळायची तर तिला रोज चारा-पाणी लागते. एखाद्या दिवसाचा उत्साह तिथे कामाचा नाही. शब्द दिला की अडचण आली तरी तो पाळायचा असतो. पथ्य पाळणाऱ्याला ते कशासाठी आहे हे ठाऊक असते आणि सुतक पाळणाऱ्याबरोबर सगळी भावकी ते पाळत असते. पाळण्यात सातत्य आहे, थोडे कष्ट आहेत, आणि ती गोष्ट आपली आहे ही भावना आहे. महासाथीत सांगितले जाणारे संरक्षक उपाय लोक का पाळतात, किती दिवस पाळतात आणि कधी सोडून देतात, हा या अभ्यासक्षेत्राचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

हा प्रश्न किती मोलाचा आहे, हे आपण सगळ्यांनी अनुभवले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडला महासाथ म्हटले. भारतात लसीकरण सुरू झाले १६ जानेवारी २०२१ रोजी. मधल्या दहा महिन्यांत हातात नेमके औषध नव्हते आणि लसही नव्हती. तोंड झाकणे, अंतर ठेवणे, हात धुणे, आजारी माणसाने वेगळे राहणे आणि गर्दी टाळणे, एवढीच शस्त्रे होती. ती सगळी माणसांच्या वागण्यातून चालवायची होती. विषाणूचा अभ्यास प्रयोगशाळेत झाला, तरी त्याची वाट अडवायची ती ओसरीवर, बाजारात, एसटीच्या सीटवर आणि लग्नाच्या मांडवात. म्हणून साथरोगशास्त्राच्या शेजारी मानसशास्त्र, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र आणि इतिहास यांना बसवावे लागते. आरोग्यवर्तनाचा अभ्यास या सर्वांच्या बैठकीतून उभा राहिला आहे. या बैठकीत नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याचे, आशा सेविकेचे, शिक्षकाचे, सरपंचाचे आणि जिज्ञासू नागरिकाचे मनापासून स्वागत आहे.

एक तालुका डोळ्यांसमोर ठेवून

सिद्धान्त हवेत तरंगू नयेत म्हणून ही प्रस्तावना लिहिताना मी एक तालुका समोर ठेवला आहे: बुलढाणा जिल्ह्यातला जळगाव जामोद. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यातली काळी कपाशीची जमीन. डोंगराकडच्या गावांत कोरकू, भिल्ल आणि निहाल समाज राहतो. निहाली ही जगातल्या कोणत्याही भाषाकुळात न बसणारी भाषा याच तालुक्याच्या काही गावांत बोलली जाते. बोलणारे दोन-अडीच हजारांच्या आसपास. सपाटीवरच्या मोठ्या भागात खारपाणपट्टा आहे, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारट. आणि याच तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या दिवशी शेतात घट मांडून दुसऱ्या दिवशी पहाटे वर्षाचे भाकीत सांगण्याची तीनशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे. घटातली धान्ये पिकांविषयी बोलतात. त्यातले भादली हे धान्य मात्र रोगराईविषयी बोलते. पाऊस, पीक, राज्यकारभार यांच्या रांगेत रोगराईलाही दरवर्षी जागा देणारी ही मांडणी आहे. साथ ही अधूनमधून येणारी गोष्ट आहे, तिचा विचार आधीपासून करायचा असतो, ही समज इथल्या मातीत आहे. भाकितावर विश्वास ठेवावा की नाही, हा वेगळा प्रश्न. अभ्यासकाने आधी एवढेच पाहावे की रोगराईची काळजी इथे बाहेरून आलेली नाही.

आपल्या आधीचे लोक काय पाळत होते

या क्षेत्राची पाठ्यपुस्तके विसाव्या शतकाच्या मध्यापासून सुरू होतात. आपला इतिहास त्याआधीचा आहे. देवी आलेल्या घराच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा लागे. तो पाहून परका माणूस उंबऱ्याबाहेरूनच परत फिरे. मयतीहून आलेला माणूस आंघोळ केल्याशिवाय घरात शिरत नसे. यामागची कारणे धार्मिक होती आणि सुतक-सोवळ्याच्या याच कल्पनांनी जातिभेदासारखा मोठा अन्यायही पोसला. ते विसरून चालणार नाही. तरीही काही काळ वेगळे राहणे ही गोष्ट आपल्या समाजाला अपरिचित नव्हती, हेही खरे.

प्लेगच्या काळाकडे पाहा. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला; २०२० मध्ये आपल्याकडे निर्बंध लागले तेव्हाही या कायद्याचा आधार घेतला गेला. पुण्यात प्लेग आयुक्त वॉल्टर रँड यांच्या हुकमाने सैनिक घराघरांत शिरले, माणसांना बाहेर काढून तपासू लागले, सामान जाळू लागले. लोकांनी रुग्ण लपवले, मृत्यू लपवले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्याच पुण्यात, त्याच साथीत सावित्रीबाई फुले आपले डॉक्टर पुत्र यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करत होत्या. त्या सेवेतच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रुग्णाला घरातून हलवून वेगळे ठेवणे हे काम दोन्हीकडे होते. एकीकडे दारावर बंदुकीचा दस्ता आदळत होता, दुसरीकडे कोणीतरी रुग्णाला स्वतःच्या हातांनी उचलून नेत होते. या दोन दृश्यांतले अंतर नीट समजून घेतले, तर या शास्त्राचा निम्मा भाग समजला असे मी मानतो.

पुढे प्लेग गावोगाव पसरला तेव्हा लोकांनी स्वतःच एक उपाय पाळायला सुरुवात केली. घरात ‘उंदीर पडले’ की गाव रिकामे करून रानात झोपड्या बांधायच्या आणि साथ ओसरेपर्यंत तिथेच राहायचे. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने उंदरावरच्या पिसवांमधून प्लेग पसरतो असे १८९८ मध्ये मांडले, तरी ते शास्त्रात मान्य व्हायला आणखी काही वर्षे जावी लागली. गावकऱ्यांना पिसू ठाऊक नव्हती. पडलेला उंदीर मात्र डोळ्यांना दिसत होता, आणि रानात जाणे हातातले होते. दिसणारी खूण आणि जमणारी कृती, ही जोडी लक्षात ठेवावी. पुढच्या सिद्धान्तांत ती पुन्हा भेटणार आहे.

१९१८ च्या मानमोडीत ही जोडी जुळली नाही. इन्फ्लुएंझाची ती लाट इतक्या वेगाने आली की खूण दिसेपर्यंत घरातले सगळेच आजारी पडलेले असत. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. देशात एक कोटीहून अधिक माणसे गेली. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता, आणि जळगाव तालुका त्याच वऱ्हाडात होता.

भीतीचे गणित

आता पाठ्यपुस्तकाकडे येऊ. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतले गॉडफ्री हॉकबॉम, अर्विन रोझेनस्टॉक आणि त्यांचे सहकारी एका कोड्यात पडले होते. क्षयरोगाची एक्स-रे तपासणी फुकट होती, गाडी वस्तीजवळ येत होती, तरी पुष्कळ लोक येत नव्हते. त्या कोड्यातून ‘आरोग्यश्रद्धा प्रतिमान’ तयार झाले. माणूस कृती करण्याआधी मनात काही हिशेब मांडतो: हा रोग मला होऊ शकतो का? झाला तर किती गंभीर? हा उपाय केल्याने खरोखर फायदा आहे का? तो करण्यात अडचणी कोणत्या? शिवाय एखादा इशारा लागतो, म्हणजे कोणाचे सांगणे, दवंडी, शेजारचा मृत्यू. ‘हे मला जमेल’ हा आत्मविश्वास अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडला आणि पुढे तो या प्रतिमानात सामील झाला.

रोनाल्ड रॉजर्स यांनी १९७५ मध्ये मांडलेला संरक्षण-प्रेरणा सिद्धान्त हाच हिशेब दोन वह्यांत मांडतो: एक वही धोक्याची, दुसरी उपायाची. पुढे किम विट यांनी १९९२ मध्ये दाखवले की धोक्याची वही भरलेली आणि उपायाची वही कोरी असेल, तर भीती माणसाला कृतीकडे नेत नाही. मग तो भीतीलाच दूर ढकलतो. ‘आपल्याला काही होत नाही’, ‘हे सगळे शहरातले आजार’ ही वाक्ये आपण ऐकली आहेत. त्यांना अज्ञान म्हणून मोकळे होण्याआधी विचारावे: या माणसाच्या उपायाच्या वहीत आपण काय लिहून दिले होते?

या सिद्धान्तांचा अर्थ जळगाव जामोदच्या उन्हात कसा लागतो ते पाहू. वैशाखात इथे तोंडाला दुपट्टा किंवा रुमाल बांधल्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नाही. म्हणजे तोंड झाकण्याची सवय तयारच आहे आणि मास्क रुजायला सोपा, असे वाटेल. पण हा दुपट्टा उन्हासाठी आहे. सावलीत आले, घरात शिरले, पाहुण्यांसमोर बसले की तो सुटतो. श्वासातून पसरणाऱ्या रोगाला नेमकी हीच जागा हवी असते: बंद खोली, जवळ बसलेली माणसे, मोकळे झालेले चेहरे. सवय तीच, पण तिच्यामागचे कारण वेगळे, म्हणून ती नको त्या वेळी सुटते. आरोग्यशिक्षणाने इथे ‘तोंड बांधा’ एवढेच सांगून थांबता कामा नये. ‘सावलीत बांधा’ असे सांगायला हवे. असा एक शब्द सापडण्यासाठी गावात राहून पाहावे लागते.

शेजाऱ्याकडे पाहून

माणूस एकटा हिशेब मांडत नाही. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास दोन प्रकारचे सामाजिक संकेत वेगळे केले: लोक काय योग्य मानतात, आणि लोक प्रत्यक्षात काय करतात. दोन्ही एका दिशेने ओढत असतील तर नियम सहज पाळला जातो. भिंतीवर एक लिहिलेले आणि भिंतीपुढच्या गर्दीत दुसरेच चाललेले असेल, तर माणूस गर्दीचे ऐकतो.

ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोज यांनी आणखी एक पेच दाखवून दिला. ज्या उपायाने सगळ्या समाजाचा मोठा फायदा होतो, त्याचा एकेका माणसाला मिळणारा वाटा अनेकदा फार लहान असतो. तरण्या शेतकऱ्याने मास्क लावला तर त्याच्यापेक्षा त्याच्या आजीचा, आणि आजीपेक्षाही पलीकडच्या गल्लीतल्या मधुमेही माणसाचा बचाव अधिक. असा उपाय स्वार्थाच्या हिशेबावर फार दिवस टिकत नाही. त्याला नात्याची, गावाची, ‘आपल्या माणसांची’ ओढ लागते.

२६ एप्रिल २०२०, अक्षय्य तृतीया. एरवी भेंडवळच्या शेतात ही मांडणी ऐकायला हजारो शेतकरी येतात. त्या वर्षी देश टाळेबंदीत होता. घटमांडणी झाली, पण मोजक्याच माणसांच्या उपस्थितीत. गर्दी घरीच राहिली. त्याआधी मार्चमध्ये शेगावच्या गजानन महाराजांच्या मंदिराची दारे बंद झाली होती, आणि ३० जूनला ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. इतक्या खोल रुजलेल्या गोष्टी लोकांनी कशा सोडल्या? मला वाटते, त्या त्यांनी सोडल्याच नाहीत. घट मांडला गेला, पादुका पोहोचल्या. गाभा राहिला आणि गर्दी वगळली. परंपरा चालवणाऱ्यांनी स्वतः हा भेद केला, म्हणून बाकीच्यांना तो मान्य करता आला. ‘हे करू नका’ या आज्ञेच्या जागी ‘हे असे करू या’ अशी वाट मिळाली, की पाळणे शक्य होते. अभ्यासकाने अशा वाटा शोधून नोंदवून ठेवाव्यात. पुढच्या साथीत त्या औषधाइतक्याच उपयोगी पडतील.

उलट बाजूही पाहू. त्याच वर्षाच्या शेवटी लग्नाला माणसे किती यावीत यावर मर्यादा होत्या आणि १५ जानेवारी २०२१ ला राज्यात हजारो ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या. नियम सर्वांना सारखा आहे का, हा प्रश्न माणसाच्या मनात आपोआप उभा राहतो. टॉम टायलर यांनी कायदा पाळण्याविषयीच्या आपल्या १९९० च्या पुस्तकात दाखवले की लोक शिक्षेच्या भीतीपेक्षा नियम करणाऱ्याच्या न्याय्यपणाकडे अधिक पाहतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती विभागात रुग्ण पुन्हा वाढू लागले आणि निर्बंध परत आले, तेव्हा वर्षभर पाळून थकलेल्या मनाला हाच प्रश्न टोचत होता. थकवा येतोच, नियम अन्यायाचा वाटला की तो लवकर येतो.

पाळता येण्याची सोय

इथे या क्षेत्राने स्वतःला एक कठोर प्रश्न विचारायला हवा. सुरुवातीच्या सिद्धान्तांचा सारा भर मनावर होता. इच्छा असूनही पाळता न येणाऱ्याचे काय?

खारपाणपट्ट्यातले उदाहरण घ्या. हात साबणाने वीस सेकंद धुवा, असा सल्ला जगभर दिला गेला. खारट, जड पाण्यात साबणाला नीट फेस येत नाही. हात चिकट राहतात आणि धुतल्यासारखे वाटतच नाही. गोडे पाणी दुरून आणलेले किंवा दिवसाआड नळाला येणारे, ते प्यायला आणि स्वयंपाकाला. त्या हंड्यातले पाणी दिवसातून दहा वेळा हातांवर ओतायचे, हा निर्णय घरातल्या बाईने घ्यायचा असतो, कारण पाणी भरते तीच. तिने हात कमी वेळा धुतले तर ती बेफिकीर ठरते का? सुझन मिची आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेले प्रतिमान इथे कामी येते. वर्तन घडायला तीन गोष्टी लागतात, असे ते म्हणते: क्षमता, संधी आणि प्रेरणा. आपली सगळी पोस्टरे प्रेरणेसाठी असतात. संधी मात्र पाइपलाइनमधून येते.

विलगीकरणाचेही असेच. एका खोलीच्या घरात, जिथे सहा माणसे निजतात, तिथे ‘वेगळ्या खोलीत राहा’ हे वाक्य कोणासाठी आहे? चौदा दिवस मजुरी बुडाली तर किराणा कोण भरेल? मार्च-एप्रिल २०२० मध्ये महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी शिवेवर काटेरी फांद्या टाकून रस्ते अडवले आणि शहरांतून परतलेल्या आपल्याच पोरांना शाळेत किंवा शेतात ठेवले. काही ठिकाणी त्यांना डबा पोहोचला, काही ठिकाणी नुसती नजर. पाळण्याची कृती तीच, पण डबा पोहोचला तिथे ती काळजी होती आणि पोहोचला नाही तिथे बहिष्कार.

कोण सांगतो

शेवटी विश्वास. १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी प्लेगची लस टोचल्यानंतर १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष लस शोधणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांच्यावर आला. १० जानेवारी १८९७ रोजी हीच लस त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली होती. त्यांच्यावरचा ठपका पुसला गेला १९०७ मध्ये. तोपर्यंत लसीविषयीचा संशय दूरवर पोहोचला होता. विश्वास एका दिवसात मोडतो आणि तो पुन्हा जुळायला वर्षे लागतात.

लस घेण्यातली टाळाटाळ समजून घेण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये तीन कारणे सांगितली: विश्वासाचा अभाव, धोका वाटतच नसणे आणि सोय नसणे. जळगाव जामोदच्या डोंगराकडच्या गावांत तिन्हींची उत्तरे वेगवेगळी शोधावी लागतात. तिथे पहिला प्रश्न भाषेचा आहे. निहाली बोलणारी माणसे कोरकू, मराठी, हिंदीही बोलतात, व्यवहार अडत नाही. पण आजाराची भीती माणूस ज्या भाषेत घरी बोलतो, त्या भाषेत दिलासा दिला तर तो आत पोहोचतो. तो दिलासा देणारा माणूस कोण, त्याचे त्या घरी एरवी जाणे-येणे आहे का, हे सल्ल्यातल्या शब्दांइतकेच महत्त्वाचे.

म्हणून या क्षेत्राने आशा सेविकेपासून शिकले पाहिजे. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम चालली. घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजण्याचे काम मुख्यतः त्यांनी केले. त्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा अनोळखी नव्हत्या. बाळंतपणाला, बाळाच्या डोसाला त्याच आल्या होत्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक सन्मान केला. त्याआधी जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना योग्य मोबदल्यासाठी संप करावा लागला होता. ज्यांच्यावर समाजाचा विश्वास उभा आहे त्यांना समाज कसे वागवतो, हाही आरोग्यवर्तनाचाच विषय आहे.

या वाटेने येणाऱ्याला

नव्या अभ्यासकाने सुरुवात कुठून करावी? माझे सांगणे साधे आहे. प्रश्नावली उघडण्याआधी एखाद्या ओसरीवर बसा. ‘तुम्ही नियम पाळले का?’ असे विचारू नका; त्याला सगळे ‘हो’ म्हणतात. ‘सगळ्यात आधी काय सोडलं? कधी? त्या दिवशी काय झालं होतं?’ असे विचारा. सोडण्याच्या गोष्टीत पाळण्याची कारणे दडलेली असतात. माणूस जे सांगतो आणि जे करतो, ते दोन्ही नोंदवा. तेरवीला कोण गेले, कोण गेले नाही आणि न जाणाऱ्याविषयी गाव नंतर काय बोलले, हे ऐका. कोणालाही अडाणी म्हणण्याआधी त्याच्या हंड्यातले पाणी पाहा.

५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर झाले. तेव्हापासून हा विषय मागे पडल्यासारखा वाटतो, आणि म्हणूनच तो आता शिकायची वेळ आहे. भेंडवळचा घट मांडला जातो तेव्हा आभाळात ढग नसतो. त्या दिवसांत इथला शेतकरी नांगरट, वखरणी उरकून शेत तयार ठेवतो, कारण पाऊस पडल्यावर ते काम करता येत नाही. विश्वासाची मशागतही अशीच कोरड्या दिवसांत करायची असते: खाऱ्या पाण्याच्या गावात गोडे पाणी आणून, आशा सेविकेचा मोबदला वेळेवर देऊन, डोंगरातल्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलून. एवढे केले, तर पुढच्या साथीत आपण सांगितलेला नियम लोक स्वतःचा म्हणून पाळतील.